एक गाळा, सहा कामे: परवान्यासाठी व्यवसायाचा वर्ग कसा ठरवावा

परवाना कार्यालयाच्या नोंदवहीत या आस्थापनेपुढे दोनच शब्द आहेत: ‘फर्निचर विक्री’. प्रत्यक्ष गाळ्यात मात्र तयार फर्निचर विकले जाते, नवे घडवले जाते, त्यावर लॅकरची फवारणी होते, जुन्याची दुरुस्ती होते, शनिवार-रविवारी सुतारकाम शिकवले जाते आणि महिन्यातून एका संध्याकाळी खुर्च्या मांडून प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम होतो. शेजाऱ्याने वासाची तक्रार केल्यावर निरीक्षक आले आणि प्रश्न उभा राहिला: हा धंदा नेमका कोणत्या वर्गात बसतो?

प्रकरणातली आस्थापना अभ्यासासाठी रचलेली आहे. तिची क्षेत्रफळे, साठे आणि उलाढालीचे हिस्से त्या रचनेचा भाग आहेत. ज्या संहितांनी ती मोजली आहे, त्या आणि त्यांतली बंधने मात्र प्रत्यक्षातली आहेत. इमारतीच्या वापरासाठी मुख्यतः आंतरराष्ट्रीय इमारत संहितेची २०२१ ची आवृत्ती धरली आहे. ही संहिता प्रामुख्याने अमेरिकेतल्या स्थानिक संस्था स्वीकारतात आणि स्वीकारताना तीत बदलही करतात. दुसरी संहिता लागू असेल तिथे आकडे बदलतील, तपासण्याचा क्रम बदलणार नाही.

नोंद चुकली कशी

सुरुवातीला ही नोंद बरोबर होती. गाळा घेतला तेव्हा तिथे फक्त विक्री होती. पुढे मागच्या भागात यंत्रे आली, मग फवारणी, मग प्रशिक्षण. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरला गेला. त्या अर्जात ‘व्यवसायाचा प्रकार’ हा रकाना आधीच छापून येतो आणि खाली ‘बदल असल्यास नमूद करा’ अशी एक ओळ असते. अर्जदाराला वाटले, आपण अजूनही फर्निचरच विकतो, मग बदल कसला? त्याने काही लपवले असे म्हणता येत नाही. प्रश्नच असा विचारला होता की त्याचे प्रामाणिक उत्तर ‘बदल नाही’ असेच येते.

दोष रकान्याच्या घडणीत आहे. एका रकान्यात एकच व्यवसाय मावतो, म्हणून प्रत्येक जण ‘मुख्य’ काय ते शोधतो. मुख्य म्हणजे ज्यातून जास्त पैसा येतो ते, हा अर्थ मग आपोआप गृहीत धरला जातो. परवान्याचा हेतू मात्र आग, आरोग्य, शेजाऱ्यांची शांतता आणि कर या चार गोष्टींशी बांधलेला असतो. त्यांपैकी फक्त कराचा उलाढालीशी थेट संबंध आहे. बाकी तिघांसाठी सर्वांत कमी कमाई देणारे काम सर्वांत कडक वर्गाचे असू शकते, आणि या गाळ्यात नेमके तसेच आहे.

आधी मोजणी

वर्ग ठरवायच्या आधी कामांची यादी आणि नकाशा एकमेकांशी जुळवावे लागतात. तळमजल्यावरचा हा गाळा एकूण ४२० चौरस मीटरचा आहे. विक्रीदालन ९०, यंत्रांचे दालन २०५, दुरुस्तीचा कोपरा ३०, फवारणीची खोली ३०, रंग-थिनरचा साठा १५ आणि प्रशिक्षणाची जागा ५० चौरस मीटर. स्वयंचलित पाण्याचे फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, नाहीत. बाहेर पडायचा मुख्य दरवाजा पुढे एकच. मागे माल चढवायचे वर गुंडाळणारे शटर आहे.

ही मोजणी करताना तीन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली साठ्याची. निरीक्षकाने त्या दिवशी कपाटात दिसणारे डबे मोजले तर हाती काहीच लागत नाही. गेल्या १२ महिन्यांची थिनर-लॅकरच्या खरेदीची बिले मागवावीत आणि एका खेपेला जास्तीत जास्त किती माल आला ते पाहावे. दुसरी माणसांची. ‘साधारण दहा जण येतात’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रशिक्षणाच्या नोंदणीची पाने आणि कार्यक्रमासाठी भाड्याने आणलेल्या खुर्च्यांची पावती खरा आकडा सांगते. तिसरी यंत्रांची. वीजजोडणीचा मंजूर भार आणि यंत्रांच्या पाट्यांवरच्या भाराची बेरीज ताडून पाहावी. बेरीज जास्त निघाली तर यंत्रे नंतर आणलेली आहेत, आणि वायरिंगही तपासायला हवे.

उलाढालीने पाहिले तर दुकान, मूल्यवृद्धीने पाहिले तर कारखाना

उलाढालीचे हिस्से असे: इतरांकडून आणलेले तयार फर्निचर ४४ टक्के, स्वतः घडवलेले ३६, दुरुस्ती १३, प्रशिक्षण ७. कार्यक्रम विनामूल्य असतो, म्हणून त्याचा हिस्सा शून्य. अर्जदाराचा आणि करखात्याचा हिशेब इथेच थांबतो: सर्वांत मोठा हिस्सा तयार मालाचा, म्हणून किरकोळ विक्री.

संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणित औद्योगिक वर्गीकरण मात्र दुसऱ्या बाजूने पाहते. २००८ साली प्रकाशित झालेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत २१ विभाग आणि ४१९ वर्ग आहेत, आणि मुख्य काम ठरवायचा त्याचा पहिला निकष मूल्यवृद्धी, म्हणजे आणलेल्या वस्तूच्या किमतीत स्वतःच्या कामाने पडलेली भर, हा आहे. आणलेल्या मालाच्या किमतीतला बराचसा भाग ज्याने तो घडवला त्याच्याकडे जातो; विक्रेत्याची मूल्यवृद्धी म्हणजे खरेदी-विक्रीतला फरक, आणि तोही खर्च वजा जाऊन. त्या मापाने या आस्थापनेत निर्मिती ४९ टक्के, विक्री २२, दुरुस्ती १९ आणि प्रशिक्षण १० असे हिस्से पडतात. स्वतः घडवलेला माल स्वतःच विकणे हे वर्गीकरण निर्मितीतच धरते. आधी विभाग ठरवायचा, मग त्याच्या आतला पोटभाग, असे वरून खाली उतरत गेले की उत्तर येते विभाग सी, वर्ग ३१००, फर्निचरची निर्मिती. विक्री ४७५९ मध्ये गेली असती, दुरुस्ती ९५२४ मध्ये. भारताचे २००८ चे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण याच सांगाड्यावर पाच अंकांचे झाले असून लाकडी फर्निचरच्या निर्मितीला त्यात ३१००१ हा अंक आहे.

उत्तर अमेरिकेतल्या सहा अंकी वर्गीकरणात हीच कामे ३३७१२२ (गादीकाम नसलेले लाकडी घरगुती फर्निचर घडवणे), ४४९११० (फर्निचरची किरकोळ विक्री) आणि ८११४२० (गादीकाम व फर्निचर दुरुस्ती) अशी विभागली जातात. ते १९९७ साली आले आणि त्याआधीच्या १९३० च्या दशकातल्या जुन्या अमेरिकी पद्धतीची जागा त्याने घेतली. दर पाच वर्षांनी ते सुधारले जाते. २०१७ च्या आवृत्तीत फर्निचरच्या दुकानाचा अंक ४४२११० होता. २०२२ मध्ये दुकानातली विक्री आणि ऑनलाइन विक्री असा भेदच काढून टाकला आणि अंक बदलला. ऑनलाइन विकतो म्हणून वेगळा परवाना मागणाऱ्या कार्यालयांनी हा बदल जरूर पाहावा. माल कुठे ठेवला जातो आणि गाड्या किती येतात हे विचारण्यात अर्थ आहे. मागणी फोनवरून आली की संकेतस्थळावरून, याचा जागेच्या वापराशी संबंध नाही.

एवढा खटाटोप करून हाती एक नेमका अंक येतो, आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते: तो अंक परवान्याचा वर्ग म्हणून लावून टाकायचा. हे वर्गीकरण आकडेवारी गोळा करण्यासाठी बनवले आहे. देशात फर्निचर उद्योग केवढा, हे त्याला सांगायचे असते. काम हाताने होते की यंत्राने, लॅकर पाण्यात विरघळणारे की थिनरमधले, खोलीत चार माणसे की चाळीस, यांतले काहीही ३१०० या अंकात नाही. मालकी, कायदेशीर स्वरूप आणि कामाची पद्धत यांवरून आपण भेद करत नाही, हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वतःच सांगते. म्हणून हा अंक नस्तीत जरूर ठेवावा, कर आणि आकडेवारीसाठी तो लागतोच. पण अटी त्याच्यावर टांगू नयेत.

जागेच्या वापराचा वर्ग

इमारत संहिता धंद्याचे नाव विचारत नाही. त्या जागेत काय होते ते विचारते. विक्रीदालन एम वर्गात, म्हणजे व्यापारी वापरात जाते. फर्निचर घडवणे आणि लाकूडकाम एफ-१ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या कारखान्यात. शाळा-महाविद्यालयाबाहेरचे कौशल्य प्रशिक्षण बी मध्ये, कार्यालयांच्या रांगेत.

मग संपूर्ण गाळ्याला कोणता वर्ग? अर्जदाराचे म्हणणे असते, ‘बाकी सगळे दुकानाला पूरक आहे’. पूरक वापराची सवलत खरी आहे, पण तिला माप आहे: मजल्यावरच्या सगळ्या पूरक वापरांचे मिळून क्षेत्र त्या मजल्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. इथे यंत्रांचे दालन एकटेच ४८.८ टक्के आहे. उलट बाजूने, कारखाना मुख्य धरला तरी विक्रीदालन २१.४ टक्के आणि प्रशिक्षणाची जागा ११.९ टक्के होते. कुठूनही पाहिले तरी हा मिश्र वापर आहे, आणि नस्तीत तो तसाच लिहायला हवा.

मिश्र वापर म्हटले की दोन वाटा उरतात. वापर वेगळे न करता सगळ्या गाळ्याला त्यांतले सर्वांत कडक नियम लावायचे, किंवा आवश्यक तिथे आगरोधक भिंत घालून प्रत्येक भागाला त्याचे नियम लावायचे. बी, एफ-१ आणि एम या तिघांमध्ये आपापसांत अशी भिंत संहिता मागत नाही, त्यामुळे इथवर प्रकरण सोपे आहे. अडचण पुढे येते.

२३५ की २०५

बारीक भुसा तयार करणारे लाकूडकाम २३२ चौरस मीटरपेक्षा (मूळ संहितेत २,५०० चौरस फूट) जास्त जागेत होत असेल, तर एफ-१ वापराला स्प्रिंकलर लागतात. सर्वसाधारण एफ-१ साठी ही मर्यादा १२,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे १,११५ चौरस मीटर आहे. लाकडाची भुकटी हवेत पसरली की स्फोटासारखी पेटते आणि कोनाड्यांत, पत्र्यांवर साठलेला थर पहिल्या झटक्याने उडून दुसरा, अधिक मोठा भडका होतो. मर्यादा इतकी खाली आणण्यामागे हे कारण आहे.

यंत्रांचे दालन २०५ चे, म्हणून अर्जदार निर्धास्त. पण दुरुस्तीच्या कोपऱ्यात जुने पॉलिश विजेच्या घासयंत्राने काढले जाते, आणि तिथला भुसा यंत्रदालनातल्यापेक्षाही बारीक असतो. २०५ आणि ३० मिळून २३५ झाले. मर्यादा जेमतेम तीन चौरस मीटरने ओलांडली, आणि ती ओलांडली उलाढालीत १३ टक्के असलेल्या दुरुस्तीने.

यावर कागदी तोडगा लगेच सुचतो: नकाशावर कोपऱ्याला ‘साठवण’ असे नाव द्या. तो निरीक्षकाने मान्य करू नये. कोपऱ्यातले घासकाम प्रत्यक्ष हलवता येते का, हे विचारावे. इथे ते जमते, कारण यंत्रदालनात भुसा ओढणाऱ्या नळीची एक जोडणी रिकामी आहे. विजेचे घासकाम फक्त तिथेच, कोपऱ्यात खरवडणे, जोडणे आणि शिरस लावणे एवढेच. कोपऱ्यातली घासयंत्राची वीजजोडणी काढून घेतल्याचा फोटो नस्तीत लावावा. परवान्यावर ‘भुसा करणाऱ्या लाकूडकामाचे क्षेत्र: २०५ चौरस मीटर’ असे आकड्यात लिहावे. मग पुढे कोणी २८ चौरस मीटर वाढवले तर मर्यादा ओलांडली गेल्याचे त्याला स्वतःलाच दिसेल.

जाता जाता एक गोष्ट. लाकडाच्या भुकटीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत ठेवले. आरोग्य खात्याकडे जाणाऱ्या नोंदीत ‘फर्निचर विक्री’ असेल तर तिथल्या कामगारांची श्वसनतपासणी कोणी मागणारच नाही. चुकीच्या वर्गाची किंमत इथे माणसे मोजतात.

फवारणी

शेजाऱ्याची तक्रार इथली होती. अर्जदाराचे उत्तर असे की फवारणी ‘अगदी थोडी’ असते. इमारत संहितेच्या जोडीच्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत थोड्या फवारणीचीही व्याख्या आहे: सलग नसलेली, आणि एकूण मिळून ९ चौरस फुटांपेक्षा, म्हणजे ०.८४ चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग नाही. १.८ मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद अशा एका टेबलाच्या वरच्या फळीचेच क्षेत्र १.६२ चौरस मीटर होते. तेव्हा ही नियमित फवारणी आहे आणि तिला मान्य फवारणी-खोली किंवा बूथ, म्हणजे हवा बाहेर ओढणारा फवारणीचा कप्पा, लागतो. बूथचा पंखा चालू असल्याशिवाय फवारणीच्या बंदुकीला हवा मिळणारच नाही अशी जोडणी हवी, आणि बाहेर ओढल्या जाणाऱ्या हवेत वाफेचे प्रमाण पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या २५ टक्क्यांवर जाता कामा नये. तपासताना पंखा बंद करून बंदुकीचा घोडा दाबून पाहावा. हवा आली तर जोडणी नाही, किंवा असूनही कोणीतरी ती वळसा घालून निकामी केली आहे. बूथची जाळी तुंबली की पंखा ओढत नाही, रंग धरत नाही, आणि कारागीर दार उघडे ठेवून काम करतो. वास शेजारी पोचतो तो बहुधा त्यामुळे.

आता साठा. नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि त्याचे थिनर साधारणतः संहितेच्या आयबी या ज्वालाग्राही वर्गात पडतात: वाफ २२.८ अंश सेल्सियसच्या खालीच पेट घेऊ शकते आणि उकळण्याचा बिंदू ३७.८ अंशांवर किंवा त्यापुढे असतो. स्प्रिंकलर नसलेल्या इमारतीत एका नियंत्रण क्षेत्रात, म्हणजे आगरोधक भिंतींनी वेगळ्या केलेल्या भागात, अशा द्रवाची साठवण १२० गॅलनपर्यंत, म्हणजे ४५४ लिटरपर्यंत चालते. उघड्यावर वापरताना ३० गॅलन, ११४ लिटर. मान्य प्रकारच्या धातूच्या कपाटात ठेवल्यास साठवणीची मर्यादा दुप्पट होते. वापरात असलेला आणि साठवलेला द्रव मिळूनही साठवणीची मर्यादा ओलांडता येत नाही.

गाळ्यात २० लिटरचे १४ डबे आहेत, एकूण २८० लिटर. मर्यादेच्या आत. पण खरेदीच्या बिलांत दोनदा २०० लिटरची तीन पिंपे एकदम आलेली दिसतात, कारण पिंपात माल स्वस्त पडतो. त्या दिवशी साठा किमान ६०० लिटर होता आणि जागा, कोणाच्या लक्षात न येता, एच-३ या घातक वापराच्या वर्गात गेली होती. त्या वर्गाच्या भिंती, वायुवीजन, स्प्रिंकलर यांतले काहीच तिथे नव्हते. पिंपे दोन खोल्यांत वाटली, असे सांगितले जाते. पण मध्ये किमान एक तास आग थोपवणारी भिंत नसेल तर दोन खोल्या मिळून एकच नियंत्रण क्षेत्र धरले जाते. म्हणून परवान्यात ‘ज्वालाग्राही द्रव: कोणत्याही वेळी ३०० लिटर, २० लिटरच्या डब्यांतच’ अशी अट घातली. ४५४ ऐवजी ३०० घेण्याचे कारण साधे आहे: माल उतरतानाही मर्यादा पाळली जावी, आणि डबे मोजून ती कोणालाही तपासता यावी.

प्रशिक्षण आणि ती एक संध्याकाळ

प्रशिक्षणाच्या ५० चौरस मीटरमध्ये किती माणसे धरायची? प्रशिक्षणाच्या कार्यशाळेसाठी दर माणशी ४.६५ चौरस मीटर निव्वळ जागा धरली जाते. उत्तर ११. विक्रीदालनात माणशी ५.५७ ढोबळ, म्हणजे ९० मध्ये १७. इथे काहीच अडत नाही. लक्ष द्यायचे ते चिंध्यांकडे. शिकणारे जवसाचे तेल लावतात, तेलाच्या चिंध्या गोळा करून टोपलीत टाकतात, आणि वाळताना तेल तापून चिंध्या आपोआप पेटतात, बहुतेकदा सगळे घरी गेल्यावर. झाकणाचा धातूचा डबा आणि रोज संध्याकाळी तो रिकामा करणे, ही अट बी वर्गाच्या यादीत सापडणार नाही. ती कामाकडे पाहून घालावी लागते.

महिन्याची ती संध्याकाळ मात्र सगळे उलटवते. विक्रीदालनातले फर्निचर बाजूला सारून खुर्च्या मांडल्या जातात. सुट्या खुर्च्यांच्या दाट मांडणीला माणशी ०.६५ चौरस मीटर धरले जाते, म्हणजे ९० चौरस मीटरमध्ये १३९ माणसे. हा ए-३, सभावापर. त्याच्यात आणि एफ-१ किंवा एम यांच्यात, स्प्रिंकलर नसताना, दोन तासांची आगरोधक विभागणी लागते. पन्नास किंवा अधिक माणसांच्या जागेला एक दरवाजा पुरत नाही, दरवाजे बाहेरच्या दिशेने उघडावे लागतात, आणि सभावापरात कुलूप-कडी असेल तिथे साधारणतः धक्क्याने उघडणारी पट्टी लागते. मागचे शटर बाहेर पडायचा मार्ग म्हणून धरताच येत नाही.

‘महिन्यातून एकदाच’ हा बचाव इथे लागू पडत नाही. माणसांची संख्या त्या क्षणी खोलीत किती जण आहेत यावर ठरते. उरलेले २९ दिवस दालन रिकामे असल्याने त्या रात्री दरवाजा रुंद होत नाही. नोंदवहीत या कामाची उलाढाल शून्य आहे आणि नियमांच्या दृष्टीने सहाही कामांत ते सर्वांत जड आहे.

उपाय काय? कार्यक्रम प्रशिक्षणाच्या जागेत हलवावा, असे सुचते. ७५० चौरस फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ७० चौरस मीटरपेक्षा लहान अशी दुसऱ्या वापराला जोडून असलेली सभेची जागा ए वर्गात जात नाही; बी मध्येच राहते. पण इथेच अनेक अधिकारी फसतात. वर्ग बी राहिला तरी ५० चौरस मीटरमध्ये दाट खुर्च्यांचा हिशेब ७७ येतो, आणि बाहेर पडायच्या मार्गांची संख्या माणसांवर ठरते, वर्गावर नाही. वर्ग सुटला म्हणून दरवाजा सुटत नाही. शेवटी असे ठरले: कार्यक्रम प्रशिक्षणाच्या जागेत, कामाची टेबले न हलवता, जास्तीत जास्त ४० माणसे, ही कमी संख्या इमारत अधिकाऱ्याने लेखी मान्य करायची आणि जागेत ठळक लावायची. याहून मोठा कार्यक्रम हवा तर दुसरा दरवाजा काढून नव्याने अर्ज.

परिसराचा प्रश्न

हे सगळे इमारतीच्या आतले झाले. परिसर नियोजनाचे खाते तिसराच प्रश्न विचारते: या कामाचा शेजाऱ्यांना त्रास होतो का? इंग्लंडची १९८७ ची वापरवर्ग व्यवस्था यासाठी पाहण्याजोगी आहे. १ सप्टेंबर २०२० पासून तिथे दुकान, कार्यालय, खाणावळ आणि हलका उद्योग हे सगळे ई या एकाच वर्गात आले, आणि त्या वर्गाच्या आत बदल करायला नियोजन परवानगी लागत नाही. मात्र हलका उद्योग कोणता, तर निवासी भागात आवाज, कंप, वास, धूर, काजळी, राख, धूळ यांनी सुखसोयीला बाधा न आणता करता येईल तो. तसा नसेल तो बी२, सर्वसाधारण उद्योग.

या मापाने आपले विक्रीदालन ई मध्ये आहे, पण बूथ तुंबलेला असताना कार्यशाळा बी२ मध्ये जाते. बूथ नीट चालवला, भुसा ओढणारे यंत्र आत घेतले आणि यंत्रांच्या वेळा बांधल्या तर तीच कार्यशाळा ई मध्ये बसण्याचा दावा करता येईल. यंत्रे, माणसे, माल सगळे तेच. हा वर्ग कसे काम केले जाते त्यावर टिकतो, आणि म्हणून अटी मोडल्या की तो हातचा जातो हे परवान्यात स्पष्ट लिहिले पाहिजे.

परवाना कसा लिहिला

एकच परवाना क्रमांक, त्याखाली सहा नोंदी. प्रत्येक नोंदीत काम, जागा, चौरस मीटर, वापराचा वर्ग, माणसांची मर्यादा, घातक द्रव आणि तपासणीची मुदत. विक्री आणि प्रशिक्षण नुसत्या नोंदणीवर सोडले. तिथे कार्यालयाने आधी तपासून परवानगी देण्याइतके काही नाही. निर्मिती आणि दुरुस्तीला वार्षिक तपासणी. फवारणीला अग्निशमन खात्याची स्वतंत्र मंजुरी. कार्यक्रमाला संख्येची अट. कारण नसताना परवान्याची सक्ती करू नये, हे तत्त्व युरोपीय संघाने २००६ च्या सेवाविषयक निर्देशात लेखी घातले आहे: परवान्याचे निकष वस्तुनिष्ठ, आधी जाहीर केलेले आणि हेतूच्या प्रमाणात असले पाहिजेत. सहाही कामांना फवारणीच्या अटी लावल्या असत्या तर शिकवणाऱ्यावर अन्याय झाला असता आणि निरीक्षकाचा वेळही वाया गेला असता.

शुल्काचा गुंता वेगळा सोडवावा लागला. कार्यालयाचे शुल्क वर्गावर ठरत होते आणि कारखान्याचे शुल्क दुकानाच्या कितीतरी पट होते. अशा रचनेत खरे सांगणाऱ्याला दंड बसतो, आणि लोक खरे सांगत नाहीत. तपासणीचा खर्च प्रत्येक नोंदीप्रमाणे आणि कर उलाढालीप्रमाणे, अशी फोड केली की वर्ग लपवण्यात अर्जदाराचा फायदा उरत नाही.

निर्णयाच्या टिपणीत प्रत्येक वर्गापुढे कारण लिहिले: कोणते माप, कोणते कलम, कोणता पुरावा. ‘पाहणीवरून एफ-१’ एवढेच लिहिले तर अपिलात ते टिकत नाही आणि अर्जदारालाही काय बदलावे ते कळत नाही. ‘इतर’ हा वर्ग कोणत्याही नोंदीला लावला नाही. यादीत न बसणारे काम आले तर त्याच्यासारखाच धोका असलेल्या वर्गात ते कारणासह ठेवावे. ‘इतर’मध्ये गेलेल्या नोंदीला ना निकष असतो ना तपासणीची मुदत.

नूतनीकरणाच्या अर्जातला छापील रकाना काढून टाकला. त्याऐवजी सात प्रश्न आले: यंत्रांचा मंजूर भार, भुसा करणाऱ्या कामाचे क्षेत्र, द्रवाचा सर्वाधिक साठा, एका वेळी जास्तीत जास्त माणसे, कामाच्या वेळा, बाहेर पडायचे दरवाजे, आणि गेल्या वर्षात नव्याने सुरू झालेले कोणतेही काम, त्यातून पैसे मिळत असोत वा नसोत. आधीची उत्तरे समोर दिसतात, पण आपोआप भरली जात नाहीत. अटी संगणकात उद्योगाच्या अंकाला न जोडता स्वतंत्र रकान्यांत ठेवल्या, कारण वर्गीकरणाची नवी आवृत्ती आली की अंक सरसकट बदलले जातात, आणि ४४२११० चे ४४९११० होताना त्याच्या शेऱ्यात लिहिलेली ३०० लिटरची अट पुसली गेली तर ती पुसली गेल्याचे कोणालाही कळणार नाही.